पातळ लॅपटॉप आणि रविवारचा ट्रक

१२ जानेवारी, रविवार

ट्रक परत चिखलात. पंकज पुढे घाटात पोचला आणि मी अजून पहिल्याच वळणावर. माझ्या स्क्रीनवर झाडंसुद्धा एकेक करून उगवत होती. "ताई, गाडी हँग आहे का तू?" म्हणाला. हसले, पण राग आला. लॅपटॉपचा.

जुन्या गेमला हा त्रास नव्हता. बेटावर घर बांधायचो दोघं, दर रविवारी दुपारी. तो पुण्यात, मी इथे नाशिकजवळ, मखमलाबादच्या मळ्यात. आता त्याच्या रूमवरच्या पोरांनी हा ट्रकचा गेम घेतला आणि पं.लाही तोच आवडतो. एकाचा ट्रक अडकला की दुसऱ्याने तार लावून ओढायचा. दोघांशिवाय जमतच नाही. पण दुसरी मीच पाहिजे असं थोडंच आहे. तिथे अक्षय आहे, त्याच्याकडे धडधाकट कॉम्प्युटर आहे.

फोनवर पं. म्हणजे "हो. जेवलो. ठीक. ठेवू?" तोच मुलगा गेममध्ये तासभर बोलतो. डोळे रस्त्यावर, हात कीबोर्डवर, तोंड सुरू. बाबा गेले तेव्हा तो रडला नव्हता. कितीतरी महिन्यांनी बेटावर भिंत रचता रचता म्हणाला, "ताई, बाबांचा चष्मा माझ्याकडे आहे." एवढंच. मी भिंत रचत राहिले.

दिवाळीनंतर त्याचं काहीतरी बिनसलंय. गेममध्येही आता गप्प गप्प. आणि नेमकं आत्ताच माझं मशीन मान टाकतंय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सटाण्याहून मायचा फोन. तिळगुळाचं झाल्यावर मुद्द्यावर आली. "पंकज तुनासंगे तरी बोलस का? मनासंगे ते नुसतं 'हा माय, जेवनू माय'."

म्हटलं बोलतो की, रविवारी बोलतो. "काय बोलस?" काय सांगणार. चिखल, ट्रक, तार. म्हटलं मजेत आहे.

आम्ही खेळता खेळता बोलतो हे तिला माहीत नाही. कळलं तर म्हणेल, एवढी घोडी झालीस, दोन पोरं होण्याच्या वयात खेळ कसले खेळतेस.

हा लॅपटॉप मी पातळ म्हणूनच घेतला होता. शोरूमवाल्याने दोन बोटांत उचलून दाखवला आणि मी भुलले. पं. तेव्हा फोनवर ओरडत होता, "ताई, पातळ नको घेऊ. नंतर त्याच्या आत काही बदलता येत नाही." मी म्हटलं, मला काय बदलायचंय आत? कोणत्या बागेची द्राक्षं कोणत्या पेटीत गेली, निर्यातीचे कागद, चार मेल. पॅकहाऊसमधलं माझं काम एवढंच. पर्समध्ये मावतो ना, बास.

१६ जानेवारी, गुरुवार

कॉलेज रोडच्या दुकानात. "होऊन जाईल मॅडम. ग्राफिक कार्ड टाकू, रॅम डबल करू. रॉकेट होईल."

म्हटलं उघडून तर बघा. "उघडायची गरज नाही, मॉडेल माहितीये." पं.ला मेसेज टाकला, दुकानदार असं असं म्हणतोय. एरवी त्याचं उत्तर संध्याकाळी येतं, हे लगेच आलं. "ताई तिथून नीघ."

निघाले. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पण रिक्षात बसल्यावर वाटलं, होईल म्हणणारा माणूस चार मिनिटं तरी बरा वाटला.

१८ जानेवारी, शनिवार

आज गंगापूर रोडवर, दुसऱ्याकडे. हा माणूस बोलायला कंजूष. टेबलावर मऊ फडकं अंथरलं, लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढले आणि पाठ उघडून माझ्याकडे वळवली. बघा म्हणाला.

आतून पहिल्यांदाच बघितला. एवढा मोठा काळा बॅटरीचा चपटा ठोकळा, आणि बाकी सगळा कारभार वर टीचभर जागेत.

रॅम बोर्डालाच पक्की जोडलेली, काढता येत नाही आणि जास्तीची बसवायला जागा नाही. ग्राफिक्स वेगळं नाहीच, ते प्रोसेसरच्याच पोटात. बाहेरून कार्ड लावायची सोय असते काही लॅपटॉपना, पण त्याला तसलं पोर्ट लागतं, तुमच्याला ते नाही. डिस्क तेवढी बदलते. "त्याने गेम पटकन उघडेल. चांगला चालेल असं नाही."

म्हटलं मग उपाय? "गेमसाठीचं मशीन वेगळं घ्या. हे चांगलंय, पण हे त्या कामाचं नाही."

पंखा काढून दाखवला. पात्यांत पिवळसर धूळ घट्ट बसलेली. "हे काय आहे?" मी ओळखलं. बागेत धुरळलेलं गंधक. आमच्याकडे कशाकशात जातं ते, चहाच्या डब्यातसुद्धा. म्हणाला साफ करतो, प्रोसेसरवरची उष्णता ओढणारी पेस्ट नवीन लावतो, डिस्क बदलतो, थोडा कमी तापेल. तेवढं करायला टाकून आले.

रात्री जेवताना अण्णांना सगळं सांगितलं. सासरे असले तरी मशीनच्या गोष्टीत त्यांना मुलांपेक्षा जास्त रस. ते म्हणाले, "खुंट जुना असला तरी वर नवं कलम भरता येतंच की."

"अण्णा, याला खुंट वेगळा आणि कलम वेगळं असं नाहीये. सगळी एकच काडी."

"मग असलं लावलंच कशाला?"



१९ जानेवारी, रविवार

सकाळीच लॅपटॉप आणला. गेम खरंच पटकन उघडला. उघडून परत ठेचकाळायला लागला.

मग पं.ने एकेक बंद करायला लावलं. गवत बंद कर. सावल्या बंद कर. पाणी साधं ठेव. चित्र बारीक कर. शेवटी ते जग मातीच्या खेळण्यासारखं दिसायला लागलं, पण ट्रक धावला. दोघांनी मिळून एक लाकडाचा ट्रेलर ओढला. पं. शीळ घालत होता. बऱ्याच दिवसांनी.

पंधरा मिनिटं. मग खालून चटके बसायला लागले, पंखा किंचाळायला लागला आणि परत झाडं उगवणं सुरू. मशीन तापलं की आपणहून हळू होतं म्हणे, जीव वाचवायला. शहाणंच आहे.

"ताई, तू बस जरा. पुढच्या घाटाला मी अक्षयला घेतो."

बसले. बाहेर येऊन निवडायची मेथी घेतली. वाईट वाटलं. ते कोणाला सांगण्यासारखंही नाही, पस्तिशीला आलेल्या बाईला गेममध्ये घेतलं नाही म्हणून.

२३ जानेवारी, गुरुवार

नवऱ्याशी, रा.शी वाजलं. तो म्हणाला नवीन मशीन घे, नाहीतर सरळ पुण्याला जाऊन भेटून ये भावाला, पाच तासांवर तर आहे. बरोबर बोलला म्हणून जास्त चिडले.

जायचं मी दोनदा म्हटलंय पं.ला. "आत्ता नको ताई, रूमवर पोरं आहेत." "आत्ता नको, कंपनीत रिलीज आहे." गेल्या महिन्यात न सांगता निघणार होते, तर रा.च म्हणाला, असं अचानक जाऊन धरू नये कोणाला. आता तोच म्हणतो जा.

आणि नवीन मशीन? ऐन हंगामात? मी काय सांगून मागू घरात? सासूबाईंना, आईंना काय सांगू, ट्रक ओढायचेत?

खरं कारण वेगळंय. मला भीती वाटते की मशीन येईल, सगळी सावली, सगळं गवत दिसेल आणि पं. तरीही बोलणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

ओट्यावर बसून खेळत होते. अण्णा मागे उभे राहून बघत होते. ट्रक अडकला की त्यांचा पाय आपोआप क्लच दाबायचा. पंधरा मिनिटांनी नेहमीचं रडगाणं. अण्णांनी लॅपटॉपवर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"तापतंय म्हणून अडलंय ना? मग आपल्याकडं एवढं थंड घर कशाला हाय?"

आधी हसले. मग हसू थांबलं. पॅकहाऊसचं शीतगृह. बागेतून आलेली द्राक्षं तापलेली असतात, पेट्या भरल्या की आधी प्रीकूलिंगच्या खोलीत गार करायच्या आणि मग साठवणीत. त्या खोलीच्या बाहेर छोटी मधली खोली आहे. तिथेही स्वेटर लागतो.

"द्राक्षाला चालतं ते याला नाय चालणार का?" अण्णा.

९ फेब्रुवारी, रविवार

चाललं.

आज कंटेनर नव्हता, कामगारांची सुट्टी. मधल्या खोलीत क्रेट पालथा घालून त्यावर लॅपटॉप, दुसऱ्या क्रेटवर मी. अण्णांची माकडटोपी, रा.चा स्वेटर, पायात दोन मोजे. पंखा एकदासुद्धा किंचाळला नाही. गवतसुद्धा चालू केलं मी. हिरवंगार.

पं.ने कॅमेरा लाव म्हटलं. माझा अवतार बघून इतका हसला की त्याचा ट्रक नदीत गेला. मग मी ओढला. पाऊण तास ओढत होते. "हळू ताई. तार तुटेल. हं, आता. आता ओढ."

मग बोलला. असंच, इकडचं तिकडचं. रूमखालच्या चहावाल्याने दुकान बदललं. बाबांचा चष्मा कधी कधी लावून बघतो, सगळं धुरकट दिसतं. आणि मग, "ताई, तुला कधी असं होतं का, सकाळी..." आणि थांबला. मी विचारलं नाही. विचारलं की तो मिटतो. मी गाडी रिव्हर्स घेतली.

"पुढच्या रविवारी सांगतो," म्हणाला.

बाहेर आले तेव्हा बोटं निळी. आईंनी हळदीचं दूध दिलं आणि म्हणाल्या, "ते यंत्र जगवायला माणूस मारू नका."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

प्रीकूलिंगमधून काढलेल्या पेट्या एकाने ट्रक यायच्या आधीच उन्हात मांडून ठेवल्या. लय चिडले. पेटी उघडून दाखवली त्याला. मण्यामण्यावर पाणी सुटलेलं. "घाम आला बघ. आता या आठ दिवसांत सडतील. थंड केलेली वस्तू एकदम बाहेर काढायची नाही, किती वेळा सांगायचं?" तो बिचारा मान खाली घालून उभा. "हो वहिनी."

आवाज चढला माझा. संध्याकाळी वाईट वाटलं. पण चूक ती चूक.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पं.चा मेसेज. "ताई उद्या लवकर ये. बोलायचंय."

बोलायचंय. हा शब्द त्याने आजवर लिहिलेला नाही. दिवसभर काही सुचलं नाही. आजार? एखादी मुलगी? मुलगी असली तर बरं.

अण्णा आणि मी बेत केला. माणसाने थंडीत कुडकुडायचं कशाला, मशीनच गार करून घेऊ. सकाळपासून आत ठेवायचा, दुपारी बाहेर काढायचा, म्हणजे तापायला वेळ लागेल आणि मला नीट बसून ऐकता येईल. मधल्या खोलीत नेट पण मधेच जातं. उद्या नेट जाऊन चालणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

कोणाला सांगू.

सकाळी आठला लॅपटॉप प्रीकूलिंगच्या आत ठेवला, पेट्यांच्या शेजारी. अडीचला काढला. बाहेर पॅकिंगच्या हॉलमध्ये आणला. क्रेट धुतलेले, फरशी ओली, वर पत्रा तापलेला. पं.चे दोन मिस्ड कॉल. घाई झाली. झाकण उघडलं तर स्क्रीन धुरकट. ओढणीने पुसली. परत धुरकट झाली. परत पुसली. चार्जर लावला, चालू केला.

तीन दिवसांपूर्वी मीच आरडाओरडा केला होता. घाम आला बघ म्हणून. ओढणी ओली झाली तरी माझ्या डोक्यात आलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

चालू झाला. गेम लागला. पं. आला. आज ट्रक काढलाच नाही त्याने, दोघांच्या गाड्या डेपोत उभ्या. म्हणाला, "ताई, ऐक, मधे बोलू नको." म्हटलं बरं.

"मी नोव्हेंबरपासून..."

आणि स्क्रीन काळी. फट्‌ नाही, आवाज नाही, काही नाही. काळी.

बटण दाबलं. दाबत राहिले. फोन केला, वाजून वाजून बंद झाला. परत केला. मेसेज टाकला, लॅपटॉप बंद पडला, मी नाही केला, फोन उचल. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "जाऊ दे ताई."

त्याला वाटतंय मी बंद केला. त्याला वाटतंय ते दोन शब्द ऐकून मी निघून गेले.

अण्णा हॉलच्या दारात उभे होते. त्यांनाही कळलं. त्यांनी लॅपटॉप उचलला, तिरका केला. कडेच्या फटीतून पाण्याचा एक थेंब फरशीवर पडला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नोव्हेंबरपासून काय?

फोन उचलत नाही. अक्षयचा नंबर माझ्याकडे नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मायला विचारलं, आडून. तिचा आंडोर, तिचा लाडका मुलगा, मजेत आहे, कंपनीत साहेब त्याच्यावर खूश आहे. कोणी सांगितलं? "तोच म्हणे." कधी? "दिवाळीले."

नोव्हेंबरपासून. दिवाळी त्याच्या तोंडावरच होती. मला काही धड विचार करता येत नाही. पेटीवर चुकीच्या बागेचं लेबल लावलं, रा.ने पकडलं.

रा. म्हणाला चल, आत्ता गाडी काढतो, पुण्याला जाऊ. आज मीच नको म्हटलं. दार उघडलं नाही तर? त्याला आधीच वाटतंय मी तोंड फिरवलं. त्यात आम्ही दोघं दारात, पंचायत बसल्यासारखे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

अण्णांनी लॅपटॉप बेदाण्याच्या शेडमध्ये नेऊन जाळीवर वाळत घातलाय. शेड अजून रिकामी आहे, द्राक्ष सुकवायला महिना आहे. एकटा चंदेरी बेदाणा. वारा चांगला लागतो तिथे, अण्णा म्हणतात. सकाळ-संध्याकाळ जाऊन कूस बदलून येतात.

त्याचा फोटो काढला आणि पं.ला पाठवला. खाली सगळं लिहिलं. प्रीकूलिंग, ओढणी, थेंब, सगळं. मी तुझं बोलणं अर्धंच ऐकलं हेही. माफी मागितली नाही, मागायचा धीर झाला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उत्तर आलं. पाच मेसेज, एकामागून एक.

"किती तास आत होता?" "काढल्यावर लगेच चालू केला?" "चार्जर लावला होता का?" "परत किती वेळा बटण दाबलं?" "त्या शेडमध्ये गंधकाची धुरी देतात ना? काढ तिथून आधी!!"

एकेक नीट उत्तर दिलं. शाळेत तोंडी परीक्षा देतात तशी. साडेसहा तास. हो. हो. पुष्कळ वेळा. धुरी गेल्या वर्षी दिली होती, काढते.

मग, "कोणाला उघडायला देऊ नको. ड्रायर मारू नको. मी बघतो."

मी बघतो म्हणजे काय? विचारलं नाही. दिवसभर मात्र पाय जमिनीवर नव्हते. अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "येतोय त्यो."

२२ फेब्रुवारी, शनिवार

आला. पुणे-नाशिक बस, एक सॅक, हातात स्क्रू ड्रायव्हरचा डबा. बारीक झालाय. दाढी वाढवलीय की वाढलीय कळत नाही. माझ्या पाया पडायला वाकला आणि मधेच उठला, लहानपणापासूनची खोड. "कुठाय पेशंट?"

आईंनी आधी जेवायला बसवलं. भाकरी दोनदा मागून घेतली. आईंनी माझ्याकडे बघितलं, मी न बघितल्यासारखं केलं.

मग ओट्यावर चटई. लॅपटॉप पालथा, पाठ उघडली, स्क्रू स्टीलच्या वाटीत. बॅटरी सोडवली. चार्जिंगच्या तोंडाशी पांढरट डाग. तिथेच पाणी बसलं म्हणाला. छोटा ब्रश, स्पिरिटसारखं काहीतरी, कापूस. मी टॉर्च धरली.

"किती चालेल सांगता येत नाही. वाचला तरी गेम विसर, ताई. याच्यात काही वाढवता येत नाही, मी तेव्हाच सांगितलं होतं."

"हो."

"चालू झाला की निघतो मी."

"बरं."

ब्रश फिरत होता. टॉर्च थोडी डावीकडे म्हणाला. मग त्याच आवाजात, मान वर न करता म्हणाला, "मी नोव्हेंबरपासून ऑफिसला गेलो नाही."

टॉर्च हलू दिली नाही.

कोणी काढलं नाही. कोणी काही बोललं नाही. एक दिवस गेटापर्यंत गेला आणि आत जाववेना. चहा पिऊन परत आला. दुसऱ्या दिवशी तेच. मग मेल करून नोकरी सोडून दिली. रोज सकाळी सॅक घेऊन बाहेर पडतो, रूमवरच्या पोरांनाही आत्ता कळलं. कुठे जातो? बागेत बसतो. वाचनालयात. "झोप येत नाही, आणि सकाळी उठवत नाही. का ते मला माहीत नाही ताई. विचारू नको."

विचारलं नाही. म्हटलं, "डावीकडे अजून पांढरं आहे." म्हणाला, "दिसलं."

अण्णा झोपाळ्यावर होते. सगळं ऐकलं त्यांनी. उठून आत गेले आणि गुळाचा चहा सांगितला.

मला रडू आलं, मी मोरीत जाऊन रडले. हरवलेलं सापडल्यासारखं वाटत होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लॅपटॉप अजून उघडाच. नीट वाळू दे म्हणतो. काल सकाळी उशिरा उठला, आज अण्णांनी सातला बागेत नेलं. नुसती पानं विरळ करायला लावली म्हणे. हात चिकट करून आला.

डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं, झोपेसाठी तरी. "बघू." नाही म्हणाला नाही. रा.च्या मित्राच्या ओळखीने गुरुवारची वेळ घेऊन ठेवली. त्याला सांगायचं राहिलंय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गेलो. तिथे मी बाहेरच बसले. बाहेर आल्यावर पं. म्हणाला, "पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय." बास. गंगापूर रोडवर भेळ खाल्ली.

वाटीतला एक स्क्रू सापडत नाही. चटई झटकली, ओट्याच्या फटी बघितल्या. पं. म्हणाला तो असल्याशिवाय बंद करणार नाही. एका स्क्रूवाचून लॅपटॉप अडत नाही, हे मलाही एव्हाना कळतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कपडे धुवायला काढताना अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात चुन्याची डबी, एक काडी, आणि कागदाच्या पुडीत तो स्क्रू.

पुडी होती तशी गुंडाळली. सदरा धुतला नाही, परत खुंटीला लावला.

दुपारी मायचा फोन. तिला कुठूनसं कळलं पं. इथे आहे. "माले का सांगं नही? सुट्टी शे का त्याले?" म्हटलं तूच ये. उद्या सकाळच्या गाडीने निघतेय.

पं.ला सांगितलं. "मी सांगतो तिला," म्हणाला. "तू बोलू नको मधे."

१ मार्च, शनिवार

पहाटेपासून जागी. मायला काय वाटेल? गावभर सांगितलंय तिने, मुलगा कंपनीत. ती ओरडेल, किंवा ओरडणार नाही, ते जास्त वाईट. आणि पं. मिटला तर परत उघडायला माझ्याकडे काय आहे?

सकाळी विचारलं त्याला, वाळला असेल आता, बघायचं का चालू करून? "नको," म्हणाला. "माय येऊन जाऊ दे."

आता साडेदहा. ओट्यावर चटई घातलीय त्याने. लॅपटॉप पालथा, वाटी शेजारी, ब्रश, कापूस, टॉर्च, सगळं मांडलंय. आतमध्ये करायचं काही उरलेलं नाही. डाग मंगळवारीच गेले.

अण्णा खिशावर हात ठेवून झोपाळ्यावर बसलेत.

पं.ने हाक मारली. "ताई, टॉर्च मायच्या हातात दे हां. तू नको धरू."

फाटकाशी रिक्षा थांबली. जाते.